टॅरोच्या पत्त्यांत कबाला कुठून आला?

‘मनात प्रश्न धरा आणि एक पत्ता निवडा’ म्हणणारी रील्स सगळ्यांनीच पाहिली असतील. त्यात कधीकधी ‘कबालिस्टिक टॅरो’ असं भारदस्त नावही दिसतं आणि हे हजारो वर्षांचं ज्यू ज्ञान असल्याचं सांगितलं जातं. टॅरो आणि कबाला दोन्ही जुने आहेत. त्यांची जोडी मात्र अलीकडची.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आला, तोही खेळायचे पत्ते म्हणून. पेले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, प्रत्येकी १४ पत्ते. शिवाय २१ चित्रं हुकमाची आणि एक ‘वेडा’. एकूण ७८. हुकूम टाकून हात जिंकायचा, एवढंच त्यांचं काम. फ्रान्समध्ये हा डाव आजही खेळला जातो.

कबाला ही ज्यू धर्मातली गूढ विचारपरंपरा. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहार’ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. योगायोग असा, की आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीत जन्मलेल्या संत नामदेवांचा काळही हाच (परंपरेनुसार जन्म १२७०). औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेवांनी हटकलं तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवू तिथे पिंड उभी राहिली, अशी कथा आहे. कबालालाही असाच प्रश्न पडला होता : जो अनंत आहे, तो या मर्यादित जगात कसा असतो? त्यासाठी तिथे दहा ‘सेफिरोत’, म्हणजे ईश्वराच्या प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या मानल्या गेल्या. त्यांच्या जोडीला हिब्रू लिपीची २२ अक्षरं. पत्त्यांचा यात कुठेच संबंध नव्हता.

तो जोडला युरोपातल्या गूढवाद्यांनी. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ यांनी टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ग्रंथ असल्याचं लिहून टाकलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती! पुढे १८५० च्या दशकात एलिफास लेवी यांनी २२ चित्रांना २२ हिब्रू अक्षरं रीतसर चिकटवली. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढवादी मंडळाने तीच मांडणी बदलली. लेवींकडे पहिलं अक्षर ‘जादूगार’ पत्त्याला, मंडळाकडे ‘वेड्या’ला. ज्ञान खरंच परंपरेने आलं असतं, तर पहिल्याच अक्षराला मतभेद कशाला झाला असता? आज सर्वत्र दिसणारा संच १९०९ चा. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, कल्पना आर्थर वेट यांची.

आपल्याकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२, एकूण १२०. दहा सेफिरोतशी आकडा अगदी जुळतो. पण म्हणून कुणी गंजिफात कबाला शोधत नाही.

मग कबालिस्टिक टॅरो टाकाऊ ठरतो का? चित्र समोर ठेवून स्वतःच्या आयुष्याचा विचार करायला कुणाची हरकत नाही. ‘मृत्यू’चा पत्ता आला, की जाणकार वाचक त्याचा अर्थ मरण नाही, तर बदल असा लावतात. अडचण तेव्हा, जेव्हा तोच पत्ता दाखवून ‘संकट आहे, पूजेचे पैसे पाठवा’ म्हटलं जातं, किंवा औषध बंद करायला सांगितलं जातं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांच्या सल्ल्याला हात लावत नाही. टॅरोचं नावही त्यात नाही. मात्र चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.