अग्रखंडाचा अभ्यास आणि सामायिक प्रयोगशाळा : माँट्रियलचा अनुभव (१९२८-२००१)

आखणी करणे, कामांचा क्रम लावणे, निरुपयोगी ठरलेली रीत सोडून नवी स्वीकारणे या क्षमतांना मानसशास्त्रात 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. मेंदूच्या अग्रखंडाशी त्यांचा असलेला संबंध उलगडण्यात कॅनडातील माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा वाटा मोठा आहे. त्याचे श्रेय बहुधा संस्थापक वाइल्डर पेनफिल्ड यांना एकट्यालाच दिले जाते. ते अपुरे आहे.

१९२८ मध्ये पेनफिल्ड यांनी स्वतःच्या बहिणीच्या उजव्या अग्रखंडातील गाठ काढली. तिच्याबरोबर त्या खंडाचा मोठा भागही काढावा लागला. बहिणीचे बोलणे-चालणे पूर्ववत झाले. सुमारे सव्वा वर्षाने तिने भावाला जेवायला बोलावले. तयारीला अख्खा दिवस होता. ठरलेली वेळ झाली तेव्हा जिन्नस सारे मांडलेले होते, शेगडीवर एक-दोन पदार्थही होते. पण कोशिंबीर झालेली नव्हती, मांस शिजायला लावलेले नव्हते आणि ती पार गोंधळून गेली होती. पदार्थ करता येत होते, त्यांचा मेळ घालता येत नव्हता. १९३१ मध्ये तिचे निधन झाले. १९३५ मध्ये पेनफिल्ड व जोसेफ इव्हान्स यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात ही हकीकत नोंदविली.

शल्यविशारदाला उणीव दिसली होती. ती मोजण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नव्हते. रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेत रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली होत्या, ही गोष्ट येथे निर्णायक ठरली. १९३८ मध्ये हर्बर्ट जॅस्पर विद्युतआलेखनाचे तंत्र घेऊन तेथे रुजू झाले. रुग्ण जागा असताना उघड्या मेंदूवर विद्युदग्रे ठेवून अपस्माराचे मूळ शोधले जाऊ लागले. कवटीवर विद्युदग्रे कोठे लावावीत याची जॅस्पर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेली '१०-२०' पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

१९५० मध्ये ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ पेनफिल्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास करू लागल्या. मेंदूचा कोणता भाग किती काढला, याच्या शल्यविशारदांनी केलेल्या नोंदी त्यांना उपलब्ध होत्या. बर्ग व ग्रँट यांची १९४८ ची पत्त्यांची चाचणी त्यांनी वापरली. रंग, आकार की संख्या, यांपैकी कशानुसार पत्ते लावायचे हे सांगितले जात नाही. केवळ 'बरोबर' वा 'चूक' म्हटले जाते आणि नियम मध्येच गुपचूप बदलला जातो. अग्रखंडाचा वरचा-बाहेरचा भाग गमावलेले रुग्ण 'चूक' हा शब्द ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहिले. १९६३ च्या या निष्कर्षामागे शस्त्रक्रिया व विद्युतआलेख या दोहोंचा आधार होता. मेंदूच्या रंगीत प्रतिमांच्या काळात ही जुनी पूर्वतयारी सहज विसरली जाते.

पुढे संस्थेत प्रतिमांकनाची साधने आली. १९९३ मध्ये मायकेल पेट्राइड्स व सहकाऱ्यांनी पेट तंत्राने निरोगी व्यक्तींच्या अग्रखंडातील निरनिराळ्या भागांची कार्ये वेगळी करून दाखविली. २००१ मध्ये मोंची, पेट्राइड्स आदींनी पत्त्यांची तीच चाचणी चुंबकीय प्रतिमांकनाखाली घेतली. मिल्नर यांच्या रुग्णांनी गमावलेल्या वरच्या-बाहेरच्या भागाचा मध्यवर्ती पट्टा 'बरोबर' आणि 'चूक' या दोन्ही उत्तरांच्या वेळी अधिक सक्रिय झाला; अग्रखंडाचा खालचा भाग व मेंदूच्या गाभ्यातील कॉडेट केंद्र मात्र नियम बदलण्याची सूचना देणाऱ्या 'चूक' या उत्तरालाच विशेष प्रतिसाद देताना आढळले.