राब: भाजलेल्या मातीचा इतिहास

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात, भीमाशंकर-आहुप्यापासून नाणेघाटापर्यंत, महादेव कोळी आणि ठाकर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाताचे रोप राबावर वाढवत आले आहेत. उन्हाळ्यात रोपाच्या तुकड्यावर शेणाचा थर देतात, त्यावर ऐनाचे टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सर्वांत वर बारीक माती पसरतात. आग वाऱ्याच्या उलट सरकेल अशी लावतात, म्हणजे ती भडकत नाही आणि धग सावकाश जमिनीत मुरते.

इंग्रज वनखात्याला यात जंगलाची नासाडी दिसली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनखाते आणि शेतकरी यांच्यातील तंट्याची चौकशी करणाऱ्या मुंबई वन आयोगाचा अहवाल 1887 साली आला. 1893 च्या आपल्या अहवालात कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनीही राबाची दखल घेतली. मातीची खरी तपासणी मात्र पुण्यात झाली. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावरचा अभ्यास 1912 मध्ये प्रसिद्ध केला. राखेबरोबरच भाजलेल्या मातीत काय बदलते, हाही त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न त्या काळी ताजा होता. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्ये दाखवले होते की, माती तापवली की आधी जिवाणू घटतात, पण पुढे ते पूर्वीपेक्षा जास्त वाढतात आणि मातीत अमोनिया साठतो. जिवाणू खाणारे आदिजीव मेल्याने असे घडते, हे त्यांचे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरातला नत्र मोकळा होतो आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश परततात, हे आता माहीत आहे. भाताला अमोनियाच्या रूपातला नत्र चांगला मानवतो. वरच्या थरातले तणाचे बीही जळते, त्यामुळे कोवळ्या रोपाला पहिले काही आठवडे मोकळे रान मिळते. राब म्हणजे निव्वळ जाळपोळ हा समज अन्यायाचाच होता.

भाताखेरीज डोंगरउतारावरच्या हलक्या, म्हणजे वरकस जमिनीवर नाचणी, मग वरई, शेवटी खुरासणी आणि नंतर काही वर्षे पड, असा फेर होता. या तिन्ही पिकांच्या मुळांशी मायकोरायझा बुरशी नांदते आणि त्यांना स्फुरद मिळवून देते. मोहरीकुळातील पिकांचे तसे नाही. कॅनडात तेलासाठी याच कुळातील कॅनोला घेतल्यावर पुढच्या पिकाच्या मुळांवर ही बुरशी कमी आढळते. इथले तेलबी खुरासणीचे असल्याने ती साखळी तुटत नव्हती.

1985 साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि टहाळ तोडण्यावर बंधने आली. न भाजता रोप वाढवण्याचा पर्याय डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीने दिला. त्यात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडतात.