बेथेलचा पाळक कोण निवडणार?

जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासात एक नाव हमखास येते : रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरात जन्म, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा, १८५४ साली पाळकपदाची दीक्षा. पुढे त्यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, सरकारकडून जमीन मिळवून 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसवले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल परिषदेत ते पागोटे बांधून बोलले. हे सगळे पुस्तकांत आहे. बेथेलमध्ये घरे बांधणारे, देवळात बसणारे, वर्गणी देणारे मात्र मुख्यतः मांग आणि महार होते. त्यांची नावे पुस्तकांत शोधावी लागतात.

शेषाद्रींचे कष्ट आम्ही नाकारत नाही. मांगाच्या पोराला पाटी-पेन्सिल देणे त्या काळी सोपे नव्हते. आमचा प्रश्न वेगळा आहे : मंडळीचा कारभार कोणाच्या हाती होता?

हा प्रश्न बाहेरून लादलेला नाही, तो त्या मिशनच्याच जन्मकथेत आहे. शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला त्याच १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च फुटले. गावचा जमीनदार आपल्या मर्जीचा पाळक मंडळीवर लादत असे. मंडळीला तो नको असेल तर काय, या वादात चारशेहून अधिक पाळक घर, पगार सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभे राहिले. जालन्याला आले ते हेच मिशन. जमीनदाराने दिलेला पाळक नको म्हणणाऱ्यांचे हे चर्च! मग मांगवाड्यातून आलेल्या माणसाला तो हक्क मिळाला का? मिशनच्या काळात पैसा परदेशातून येई आणि निर्णय मिशनरी घेत. जमीनदार गेला, त्याच्या जागी मिशन आले.

शेजारच्या औरंगाबादेत अँग्लिकन पंथाचे चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते. तिचे धुरीण हेन्री व्हेन यांनी तत्त्व मांडले होते : स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, कारभार स्वतः पाहावा, प्रसार स्वतः करावा. पण अँग्लिकन चर्चमध्ये अखेरचा शब्द बिशपचा. शिवाय १९३० पर्यंत हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चला जोडलेले होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन हे दोन्ही प्रवाह त्यात आले. आज सभासद पास्टरेट कमिटी निवडतात, पाळकाची नेमणूक मात्र डायोसिस करते. ज्या हक्कासाठी १८४३ साली चर्च फुटले, तो हक्क पुन्हा वरच गेला.

कमिटीवर तरी आपला माणूस उघडपणे बसू शकतो का? इथे भारत सरकारच आडवे येते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती दलिताला सवलतींबाहेर ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, त्यात तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही विचारात घेतली गेली. म्हणजे चर्चच्या रजिस्टरमधले नाव उद्या जातीच्या दाखल्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. पोराची शिष्यवृत्ती पणाला लावून कमिटीची निवडणूक कोण लढवेल? ज्यांना दाखल्याची गरज नाही, तेच खुर्चीवर बसणार.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाचा अभ्यास करताना हेच दुखणे दाखवले होते : धर्म बदलला तरी जात सोबत आली आणि अन्यायाविरुद्ध मंडळी गप्प राहिली. त्यांचा मार्ग प्रतिनिधित्वाचा होता. आपला निर्णय आपणच घ्यायचा.

म्हणून बेथेलचा इतिहास लिहायचा तर संस्थापकाच्या चरित्राबरोबर जुनी रजिस्टरे आणि सभांची इतिवृत्ते उघडा. कोण बोलले, कोणाचे मत धरले गेले, ते पाहा. १९५० च्या आदेशातली धर्माची अट रद्द करण्याच्या लढ्यात बौद्धांनीही ख्रिस्ती भावंडांसोबत उभे राहिले पाहिजे.

आणि हे लिहिताना आपल्या विहारांच्या ट्रस्टकडेही एकदा पाहूया. तिथे सभा कधी होते, हिशेब कोण वाचतो, बायका किती असतात? प्रश्न तोच आहे.

जय भीम!