सौरवीज स्वस्त कशी झाली? सरकारी प्रोत्साहनाचे तीन टप्पे

ऊन फुकट मिळते, पण त्यापासून वीज तयार करणारे पॅनेल फुकट मिळत नाही. काही दशकांपूर्वी ही पॅनेल्स इतकी महाग होती की ती प्रामुख्याने उपग्रहांवर किंवा वीज न पोहोचलेल्या दुर्गम ठिकाणीच दिसत. आज भारतासह अनेक देशांत सौरवीज ही सर्वांत स्वस्त विजेपैकी एक आहे. हा बदल केवळ बाजारामुळे झाला नाही. त्यामागे तीन टप्प्यांवर आलेला सरकारी पैसा आहे.

पहिला टप्पा : संशोधनाला निधी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्रा. मार्टिन ग्रीन यांच्या गटाने 1980 च्या दशकात ‘पर्क’ नावाची सौरसेलची रचना विकसित केली. सेलच्या मागच्या बाजूला खास थर दिला की वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि तेवढ्याच उन्हात जास्त वीज मिळते. मात्र ही रचना कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर यायला सुमारे तीन दशके लागली. एवढी वाट पाहणे खासगी कंपनीला परवडत नाही. म्हणून या टप्प्यावर सार्वजनिक निधी लागतो.

दुसरा टप्पा : खरेदीची हमी

जर्मनीने 2000 साली कायदा करून सौरवीज 20 वर्षे ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी दिली. सुरुवातीचा दर युनिटला सुमारे 51 युरो सेंट, म्हणजे बाजारभावाच्या कितीतरी पट होता. पण 2002 पासून नव्या प्रकल्पांसाठी तो दरवर्षी 5 टक्क्यांनी कमी होत जाईल, अशी तरतूद कायद्यातच होती. त्यामुळे कंपन्यांना ग्राहक मिळाला आणि खर्च कमी करण्याची घाईही लागली.

याची किंमत जर्मन ग्राहकांनी वीजबिलातून मोजली. 2017 मध्ये हा अधिभार युनिटला 6.88 सेंटपर्यंत गेला होता. अखेर जुलै 2022 मध्ये तो रद्द झाला.

तिसरा टप्पा : कारखान्यांना बळ

मार्टिन ग्रीन यांचे विद्यार्थी झेंगरोंग शी यांनी 2001 मध्ये चीनच्या वूशी शहरात, स्थानिक प्रशासनाच्या मदतीने ‘सनटेक’ कंपनी सुरू केली. जर्मनीतील मागणी आणि चीनमधील प्रचंड उत्पादन यांमुळे पॅनेलच्या किमती कोसळल्या. त्याच स्पर्धेत सनटेकची मुख्य उत्पादक कंपनी 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली.

भारताने काय केले?

भारताने 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू केले. तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने ठरवलेला दर युनिटला 17.91 रुपये होता. पण सरकारने लिलावाचा मार्ग धरला : जो सर्वांत कमी दरात वीज देईल, त्याला दीर्घ मुदतीचा करार. 2017 मध्ये राजस्थानातील भडला येथे बोली 2.44 रुपयांवर आली, तर डिसेंबर 2020 मध्ये गुजरातमध्ये 1.99 रुपयांवर. त्यानंतर दर पुन्हा 2 रुपयांच्या वर गेले.

पैसा बुडतो का?

कधी कधी बुडतो. अमेरिकन सरकारने 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिलेली ‘सोलिंड्रा’ कंपनी 2011 मध्ये दिवाळखोरीत निघाली. वेगळ्या आकाराची तिची पॅनेल्स स्वस्त झालेल्या साध्या पॅनेलपुढे टिकली नाहीत. एकाच कंपनीवर मोठी रक्कम लावण्यातला धोका यातून दिसला.

आता पुढे काय?

छतावरच्या सौर यंत्रणेसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते. हरित हायड्रोजनसाठी केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटींचे मिशन मंजूर केले. अशी कोणतीही योजना पाहताना तीन प्रश्न विचारावेत : पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर जातोय, तो कोण भरतोय आणि मदत कमी होत जाण्याची तारीख ठरली आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर वीज स्वस्त होण्याआधी अनुदानाची सवय लागण्याची शक्यता जास्त.