मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : वस्तीतले सर्वसाधारण रहिवासी आणि त्या भागाच्या ठाण्यातले पोलीस यांनी शांततेच्या दिवसांतही ठरावीक वेळी भेटत राहण्याची, दंगल टाळण्यासाठी उभी केलेली व्यवस्था. लोकांच्या तोंडी ‘मोहल्ला कमिटी’. महाराष्ट्रात तिची पद्धतशीर सुरुवात भिवंडीत 1988 नंतर झाली. 1992-93 च्या दंगलींनंतर ती मुंबईत रुजली. समितीच्या सदस्याला पगार नसतो, काठी नसते, कुणाला पकडण्याचा हक्कही नसतो. गल्लीत त्याची ओळख असते आणि त्याच्या शब्दाला मान असतो, एवढ्यावर तो काम करतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मूळचे कोकणी मुसलमान, आगरी आणि कोळी असे सगळे इथे दाटीवाटीने राहतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कापड उचलणारा व्यापारी तिसरा. एकमेकांवाचून कुणाचेच चालत नाही. तरीही 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे भीषण दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगाव व महाडमध्येही उमटले. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिन्ही ठिकाणची चौकशी केली. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. धंद्यापुरते रोज भेटणारे लोक एकमेकांच्या घरच्या अडीअडचणी जाणत असतातच असे नाही, हे या दोन दंगलींनी दाखवून दिले.

1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी 1984 च्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला. त्याआधी सगळीकडे असायची ती ‘शांतता समिती’. तिच्यात पुढारी, व्यापारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत. सण जवळ आला किंवा तणाव वाढला की त्यांना ठाण्यात बोलावले जाई. भाषणे होत, चहा होई, पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला विचारत नसे. खोपडे यांनी ही बैठक ठाण्यातून उचलून मोहल्ल्यात नेली. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही समान स्थान देणाऱ्या सुमारे 70 समित्या उभ्या राहिल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा कष्टकरी माणसांना जागा होती आणि एकेका समितीची जबाबदारी नेमून दिलेल्या पोलिसावर होती.

या बैठकांत धर्मावर चर्चा क्वचितच होई. तुंबलेले गटार, नळावरची भांडणे, दारूच्या अड्ड्याचा त्रास, पोरांची मारामारी हेच विषय असत, आणि समितीचे खरे बळ इथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गटार कुणाच्या धर्माचे नसते. त्यासाठी चार वेळा एकत्र बसलेली माणसे एकमेकांना नावाने हाक मारू लागतात. मग रात्री अकरा वाजता ‘पलीकडच्या गल्लीत आपल्या पोराला भोसकले’ अशी आवई उठली, तर पलीकडच्या गल्लीत कुणाचे दार ठोठवायचे हे ठाऊक असते. दोन्हीकडचे दोघे सोबत जाऊन पाहतात, हवालदाराला खरे काय ते कळवतात आणि परत येऊन नाक्यावरच्या लोकांना सांगतात. अफवेला जमाव गोळा करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हे काम उरकावे लागते.

या व्यवस्थेची कसोटी 6 डिसेंबर 1992 नंतर लागली. बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे 900 माणसे मारली गेली. जिच्याबद्दल सर्वांत जास्त धास्ती होती ती भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले.

मुंबईत या कामाला पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी बळ दिले आणि माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला चळवळीचे रूप दिले. भिवंडीत पुढाकार पोलिसांचा होता. मुंबईत स्वयंसेवी संस्था आणि पोलीस बरोबरीने उतरले. पोलिसांवरचा विश्वास पार उडालेल्या वस्त्यांत नुसत्या खाकी वर्दीने बोलावले असते तर कुणी दारही उघडले नसते. वस्तीवस्तीतले क्रिकेटचे सामने हा या कामाचा आवडता भाग ठरला. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी मिळून काम केले. चार धर्मांच्या वेशातली चार मुले दाखवणारे आणि ‘हम सब एक हैं’ असे सांगणारे पोस्टर वकार खान यांनी काढले. या दोघांच्या मैत्रीवर अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘नाता’ हा माहितीपट केला.

समितीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तमिळनाडूत पोलिसांच्या मदतीला ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ नावाचे स्वयंसेवक होते. 2020 मध्ये सातानकुळम येथे पिता-पुत्राचा पोलीस कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यात या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि राज्य सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. स्वयंसेवक पोलिसांचा हस्तक झाला की वस्तीला तो परका होतो. शिवाय सलोखा म्हणजे न्याय नव्हे. मुंबईच्या दंगलींबद्दल न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये अहवाल दिला, त्यात पोलिसांवरही ठपका ठेवला. पण ज्यांची माणसे गेली त्यांतल्या फार थोड्यांना न्यायालयात काही मिळाले. त्या घरांना समितीची बैठक पुरेशी वाटावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

जुलै 2006 मध्ये खुद्द भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तणाव झाला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. समित्यांची वीण कागदावर टिकत नाही. भागाचा हवालदार बदलून जातो, जुने सदस्य थकतात, मागांवर नवे कामगार येतात. अशा वेळी नव्या हवालदाराला पुन्हा गल्लीत बसून, कुणाच्या नळाला पाणी येत नाही इथपासून विचारायला सुरुवात करावी लागते.