परिचारिका, उपशामक शुश्रूषेतील

रोग बरा होण्याची आशा मावळली असता रुग्णाच्या वेदना, श्वासाची धाप, जखमांचा त्रास व मनाची तगमग कमी करून त्याचे उरलेले आयुष्य सुसह्य करणे, हे उपशामक शुश्रूषेचे प्रयोजन होय. व्यवहारात तिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात व अशा रुग्णांसाठी उभारलेल्या गृहाला ‘हॉस्पिस’ ही संज्ञा रूढ आहे. या सेवेचा कणा परिचारिका हा आहे. वैद्य औषध ठरवून देतो. परंतु ते लागू पडले की नाही, रात्री रुग्ण झोपला की कण्हत राहिला, घरच्यांनी मात्रा चुकविली का, हे परिचारिकेलाच कळते. तथापि या क्षेत्रातील तिचे कौशल्य रुग्णशय्येपाशी वाढते आणि तिची बढती तिला रुग्णशय्येपासून दूर नेते. ही विसंगती सर्वत्र आढळत असली, तरी नंदुरबारसारख्या दुर्गम व आदिवासीबहुल जिल्ह्यात ती विशेष जाणवते. तेथील पाड्यांवर पोहोचणारी प्रशिक्षित व्यक्ती पुष्कळदा परिचारिका किंवा आरोग्यसेविका हीच असते.

हॉस्पिसची आधुनिक कल्पना यूरोपात एकोणिसाव्या शतकात आकारास आली. फ्रान्समध्ये लियाँ येथे झान गार्निए हिने १८४० नंतरच्या दशकात मरणासन्न स्त्रियांसाठी कार्य आरंभिले. डब्लिन येथे १८७९ मध्ये आणि लंडनच्या पूर्व भागात १९०५ मध्ये आयरिश धर्मभगिनींनी अशी गृहे काढली. लंडनच्या या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये पुढे सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. पाठीच्या दुखण्यामुळे तो व्यवसाय सोडून त्या वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि मरणासन्नांच्या वेदनांविषयी वैद्यांनी आपले म्हणणे ऐकावे म्हणून अखेर त्यांनी स्वतःच वैद्यकीय पदवी मिळविली (१९५७). १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन केले. शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक दुःख एकत्र धरणारी ‘सर्वांगीण वेदना’ ही त्यांची संकल्पना आज या शास्त्राचा पाया मानली जाते. परिचारिका म्हणून जे दिसले ते सांगण्यासाठी वैद्य व्हावे लागले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा गौरवाने सांगितली जाते. परिचर्येच्या व्यवसायाच्या दृष्टीने मात्र ती फारशी भूषणावह नाही.

महाराष्ट्रात प्रशिक्षित परिचर्येचा प्रसार मुंबईच्या रुग्णालयांतून झाला. परक्याच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे या कामांना समाजात प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे हा व्यवसाय प्रथम मुख्यतः ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन स्त्रियांकडे राहिला. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. हे त्या काळी धाडसाचे पाऊल होते. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा व महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. या सर्व घडामोडींत मरणाऱ्या रुग्णाचा स्वतंत्र विचार नव्हता. ‘आता घरी न्या’ हे रुग्णालयाचे अखेरचे वाक्य असे, आणि त्यापुढची जबाबदारी घरातील सुना-लेकींची. त्या ती निभावीत. परंतु वेदना शमविण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

या परिस्थितीत पहिला बदल १९८६ मध्ये झाला. त्या वर्षी मुंबईत वांद्रे येथे कर्करोग-शल्यचिकित्सक एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना सदन सुरू झाले. हे भारतातील पहिले हॉस्पिस होय. तेथे शुश्रूषा विनामूल्य असून तिचा मुख्य भार धर्मभगिनींनी उचलला. १९९४ मध्ये भारतीय उपशामक शुश्रूषा संघटना स्थापन झाली. टाटा स्मारक रुग्णालयात १९९६ पासून या विषयाचे काम मेरी ॲन मुकादम यांनी उभे केले आणि १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्ला उपशामक केंद्र निघाले. या केंद्राची एक पद्धत उल्लेखनीय आहे. रुग्णाला तेथे कायमचे न ठेवता काही दिवस दाखल करून घेतात आणि नातेवाइकांना शुश्रूषा शिकवून घरी पाठवितात. परिचारिकेचे काम शुश्रूषा करण्यापुरते न राहता शुश्रूषा शिकविण्याचे झाले, हा येथला महत्त्वाचा पालट होय.

या वाटचालीतील मोठा अडसर कायद्याचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी वेदनाशामकांची पायरीवार योजना प्रसिद्ध केली व तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनचा पुरस्कार केला. त्याआधी एकच वर्ष, १९८५ मध्ये, भारतात अंमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला होता. अनेक परवाने व शिक्षेची भीती यांमुळे औषधविक्रेते आणि रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर अगदीच घटला. अफू पिकविणाऱ्या देशात कर्करोगाचा रुग्ण साध्या गोळीवाचून तळमळत राहिला. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक मादक औषधांसाठी एकाच परवान्याची, राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्य केलेल्या संस्थांची पद्धत आणली. अशा संस्थेत प्रशिक्षित वैद्य असणे बंधनकारक आहे. परिचारिकेला मॉर्फिन देता येते, त्याचा साठा व नोंदवही सांभाळता येते. ते लिहून देण्याचा अधिकार तिला नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या येथील प्रमुख जमाती. उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे नर्मदा. सरदार सरोवराच्या फुगवट्याचा फटका अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांना बसला आणि त्यांपैकी नदीकाठच्या काही पाड्यांपर्यंत आरोग्यसेवा बोटीतील दवाखान्याद्वारे पोहोचविण्याची व्यवस्था करावी लागली. रस्ता नसलेल्या पाड्यांतून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवितात. कर्करोगाचा रुग्ण उपचारांसाठी सुरत, नाशिक वा मुंबई गाठतो व रोग हाताबाहेर गेल्यावर पाड्यावर परततो. साखर कारखान्यांच्या हंगामात कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात; घरी उरतात वृद्ध, आजारी व लहान मुले. जिल्हा रुग्णालय, नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे मिशनच्या परंपरेतून उभे राहिलेले ख्रिस्ती रुग्णालय आणि २०२० मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या येथील प्रमुख संस्था. परंतु अशा प्रदेशात रुग्णाचे घर हेच बहुधा हॉस्पिस ठरते.

उपशामक शुश्रूषेतील कौशल्यांचे वर्णन पाठ्यपुस्तकांत रुग्णालय गृहीत धरून केलेले असते. सातपुड्यात त्यांचे रूप बदलते. वेदनेचे मापन हे पहिले कौशल्य. शून्य ते दहा या अंकांत वेदना सांगा, असे म्हटल्यास निरक्षर वृद्धाला काही उमगत नाही. चेहऱ्यांची चित्रे दाखवावी लागतात किंवा ‘काल जात्यावर बसवले का, आज बसवते का’ असे विचारावे लागते. भिल्ली, पावरी वा मावची बोलणाऱ्या रुग्णाशी मराठीत बोलून वेदनेचा प्रकार, म्हणजे ती ठणकते, जळते की मुंग्या येतात, हे काढून घेणे कठीण असते. आणि हा फरक कळल्याशिवाय औषध ठरत नाही. घशाशी येणारी मळमळ, मॉर्फिनमुळे होणारा मलावरोध व त्यासाठी पहिल्या दिवसापासून द्यावयाचे सारक, दर चार तासांची मात्रा व निजतेवेळची दुप्पट मात्रा, ही सर्व माहिती घरच्यांच्या स्मरणात राहील अशा रीतीने द्यावी लागते. घड्याळ नसलेल्या घरासाठी पुडीवर सूर्य व चंद्र काढून देणे हा यावरील साधा उपाय होय.

जखमांची शुश्रूषा हे दुसरे, आणि कदाचित सर्वांत कमी दखल घेतले गेलेले कौशल्य. तंबाखूच्या सेवनामुळे होणाऱ्या मुखाच्या कर्करोगात गालाला भोक पडते, जखम कुजते व दुर्गंधीमुळे आप्तदेखील जवळ बसेनासे होतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकल्यास दुर्गंधी पुष्कळ कमी होते. अळ्या पडल्यास टर्पेंटाइनचा बोळा ठेवून त्या काढतात. खर्च काही रुपयांचा, पण त्यामुळे नातवंडे पुन्हा आजोबांच्या खाटेपाशी येतात. याखेरीज दर दोन तासांनी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, सूज आलेला हात बांधणे, गिळता येत नसल्यास त्वचेखालून औषध देणे व शेवटच्या दिवसांत घशातील घरघर कशामुळे होते हे घरच्यांना समजावणे, ही नित्याची कामे. दात्रपेशी रक्तक्षयाचे, म्हणजे सिकलसेलचे, प्रमाण या जिल्ह्यातील आदिवासींत मोठे आहे. त्याच्या तीव्र वेदनांचे झटके तरुणांना व मुलांना येतात. त्यामुळे उपशामक शुश्रूषा म्हणजे केवळ म्हाताऱ्यांची व मरणाऱ्यांची सेवा, ही समजूत येथे टिकत नाही.

संवादाचे कौशल्य शिकवून येते, असे आता मानले जाते. पूर्वी तो स्वभावाचा गुण समजत. रोगाचे नाव रुग्णाला सांगू नका, असा आग्रह घरचे धरतात. बडवा किंवा भगत याचे उपचार चालू असतात. त्यांचा उपहास करणाऱ्या परिचारिकेला दुसऱ्या भेटीत दार उघडले जात नाही आणि औषधाची पुडी उशाशी तशीच राहते. विधीही होऊ द्यावा व गोळीही चुकू देऊ नये, हा व्यवहारी मार्ग होय. मृत्यूनंतर कुटुंबाला एकदा भेटून येणे हेही या शुश्रूषेचे अंग मानतात. मात्र सरकारी अहवालातील रकान्यांत या भेटीला सहसा जागा नसते.

आता प्रगतीच्या वाटेचा विचार करता येईल. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका व अधिसेविका अशी श्रेणी आहे. अध्यापनाकडे वळल्यास पाठ्यनिर्देशिका हे पद. ग्रामीण आरोग्यसेवेत आरोग्यसेविका व तिच्यावर आरोग्य सहायिका. या शिडीची प्रत्येक पायरी वेळापत्रके, भांडारनोंदी व देखरेख यांकडे नेते. मरणासन्न रुग्णाची वेदना ओळखण्यात वाकबगार झालेल्या परिचारिकेला त्याच कामात राहून वरचा दर्जा मिळेल, अशी पायरी तीत नाही. बदल्यांमुळे प्रशिक्षित परिचारिका प्रसूतिकक्षात वा शस्त्रक्रियागृहात जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नेमणुका कंत्राटी असल्याने अनुभव साठतो, पण सेवाज्येष्ठता साठत नाही. दुर्गम भागातील नेमणूक बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यास शिक्षेसारखी वाटते. अनुसूचित क्षेत्रातील आरोग्यसेविकेसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्याची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. तिच्या बाजूने भाषेचा मुद्दा एकटाच पुरेसा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षणाच्या संधी त्या मानाने वाढल्या. भारतीय उपशामक शुश्रूषा संघटनेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वैद्य व परिचारिका या दोघांसाठीही आहे. तिरुअनंतपुरम व कोझिकोडे येथील संस्था परिचारिकांसाठी स्वतंत्र वर्ग चालवितात. टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोग परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम आहे. वैद्यांसाठी उपशामक वैद्यकात पदव्युत्तर पदवी २०१२ पासून उपलब्ध झाली. केरळने २००८ मध्ये धोरण आखून पंचायतींमार्फत घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची योजना उभारली. युगांडाने तर २००४ मध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार दिला. वैद्य थोडे व अंतरे मोठी, ही त्या देशाची अडचण अक्राणीच्या अडचणीपेक्षा फारशी निराळी नव्हती.

भारताचा राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम २०१२ चा. त्याच सुमारास महाराष्ट्रात ही सेवा ग्रामीण आरोग्यव्यवस्थेशी जोडण्याचा आरंभीचा प्रयोग नाशिक जिल्ह्यात झाला. २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत वृद्धांची व उपशामक शुश्रूषा ही बारा सेवांपैकी एक ठरविण्यात आली आणि या केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्येचे पदवीधरही घेतले गेले. गावपातळीवर राहून वरचा दर्जा व अधिक वेतन देणारी परिचारिकेसाठीची ही पहिलीच ठळक वाट. परंतु तीही कंत्राटी. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या परिचर्या पदवीच्या सुधारित अभ्यासक्रमात उपशामक शुश्रूषेचा स्वतंत्र घटक अनिवार्य झाला व औषधयोजनेची मूलतत्त्वेही त्यात आली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. औषध लिहून देण्याचे शिक्षण अशा रीतीने परिचारिकेच्या अभ्यासक्रमात आले असले, तरी मॉर्फिनच्या चिठ्ठीवर सही वैद्याचीच लागते आणि ती मिळविण्यासाठी पाड्यावरून कोणालातरी डोंगर उतरून यावे लागते.