उपवासाच्या ताटाचा इतिहास

उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी ठरलेली. पण १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा ही खिचडी आपल्याकडे नव्हतीच! मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा बनतो तो टॅपिओका कंद, ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर ती इकडे आली. सेलमचे साबुदाण्याचे कारखाने तर १९४०च्या दशकातले. वरई, शिंगाडा, सुरण मात्र आधीपासूनचे.

ऋषिपंचमीला आई बैलाच्या कष्टाचे काही खात नाही. अळू, सुरण, माठाच्या भाजीवर दिवस काढते. व्रताचा गाभा संयम. पदार्थ काळानुसार बदलले. मधुमेह जडल्यावर मला हे उमगले. यंदा पंचमीला मंडळात खिचडीऐवजी ऋषीची भाजीच करूया का?